सागरगोट्यांची गुरुपरंपरा

आईच्या पश्चात तिचे कपाट आवरताना खणाची एक छोटी पिशवी हाती लागली. आत अकरा सागरगोटे होते. राखाडी रंगाचे, एकमेकांवर घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले. बहिणीने ते मोजले आणि माझ्या हातात पिशवी देत म्हणाली, "तुझ्या कामाचे आहेत. तूच ने."

माझे काम म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. नोकरीत आयुष्यभर हिशेब तपासले. पण गेली पंचवीस वर्षे सुट्टीच्या दिवशी महाल, इतवारी, सक्करदरा या नागपूरच्या जुन्या वस्त्यांतून हिंडून हातावरचे खेळ टिपून ठेवतो आहे. भोवरा, गोट्या, विटीदांडू, चक्री, सागरगोटे. कोण कसे खेळते, नियम काय, शब्द कोणते, हे सारे वह्यांत उतरवून घेतले. त्या वह्यांच्या आधारावर २००९ साली एका छोट्या नियतकालिकात माझा लेख आला. त्यात मी लिहिले होते की, तीन सागरगोटे दोन्ही हातांनी हवेत खेळते ठेवण्याची रीत आमच्या घरी आईकडे परंपरेने आली.

ते वाक्य खोटे होते. मला खरे काय ते ठाऊक होते आणि तरीही मी तसे लिहिले. हा लेख त्या एका वाक्याची दुरुस्ती आहे.

सागरगोटा ही एका काटेरी वेलीची बी. वेलीला काटे, शेंगेलाही काटे, आणि आत बहुधा दोन बिया. आपल्याकडे गजगा, लताकरंज ही तिचीच नावे. तापावरचे औषध म्हणून ती अजूनही इतवारीतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळते. बीचे कवच इतके कठीण आणि हलके की ती समुद्रात बुडत नाही, वर्षानुवर्षे तरंगत राहते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर वाहून आलेल्या अशा बिया लोक ताईत म्हणून जपत. नागपूरला समुद्र नाही, पण सागर हा शब्द आमच्या ओट्यावर आला तो या बीबरोबर.

खेळ सर्वांना माहीत आहे. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे आणि त्याच हाताने वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन-तीन, शेवटी सगळे एकदम. छत्तीसगडकडे याला गोटा म्हणतात, हिंदी मुलखात गुट्टे. आई या खेळात वाकबगार होती. भुलाबाईच्या दिवसांत गाणी संपून खिरापत वाटून झाली की मुली आमच्या ओट्यावर थांबत, त्या तिचा हात पाहायला.

या हातात एक हिशेब दडलेला असतो. गोटा एक हात, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर वर गेला, तर जाऊन-येऊन ०.६ सेकंद मिळतात. एवढ्या वेळात दोन गोटे उचलून होतात. चार उचलायला दुप्पट वेळ हवा असेल तर गोटा दुप्पट उंच उडवून भागत नाही, चौपट उडवावा लागतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात हे सूत्र येते ते नवव्या-दहाव्या इयत्तेत. सात-आठ वर्षांच्या पोरींच्या मनगटाला ते आधीच माहीत असते. पण कुणी तरी शेजारी बसून "अजून उंच, अजून उंच" म्हटल्याशिवाय ते मनगटात उतरत नाही. या खेळाचे पुस्तक वाचून कुणी खेळ शिकलेले मला आजवर भेटलेले नाही.

आता १९७६ च्या उन्हाळ्याकडे येतो. मी आठ वर्षांचा होतो. महालातल्या आमच्या गल्लीत डोंबाऱ्यांचा खेळ आला होता. बाप ढोलके वाजवत होता, आई दोरी ताणून धरत होती, लहानगा कोलांट्या मारत होता. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी दोरीवरून चालून झाल्यावर खाली उतरली आणि तीन दगड घेऊन ते हवेत खेळवू लागली. खेळ संपला, ताटली फिरली, गर्दी पांगली. ढोलकेवाला पुढच्या गल्लीत जागा बघायला गेला. मुलगी पाणी मागायला आमच्या ओट्याशी आली.

आईने वरून ओंजळीत पाणी घातले. मग तिने विचारले, "ते मघाचं कसं केलंस? माझे दोनच्या पुढं जात नाहीत."

आई तेव्हा तीन गोटे फिरवायचा प्रयत्न करी तो गोल चक्राने. उजव्या हाताने उंच उडवायचे आणि डाव्याने झेलून पटकन उजव्यात सरकवायचे. यात एका हाताला सगळी मेहनत आणि दुसऱ्याला सगळी घाई. मुलीने मान हलवली. ती ओट्याच्या पायरीवर बसली, आईचे तीन सागरगोटे घेतले आणि वेगळीच रीत दाखवली. उजव्या हातातला डावीकडे, डाव्यातला उजवीकडे, दोन्ही सारख्याच उंचीवर, एकमेकांना ओलांडून. हवेत आडवा पडलेला इंग्रजी आठचा आकडा तयार होतो.

"बाई, हाताकडं नका पाहू," ती म्हणाली. "वर पाहा. पहिला वर जाऊन थांबला का मग दुसरा सोडा."

एवढाच धडा. जगभर जगलिंग शिकवणारे आजही पहिल्या दिवशी हेच सांगतात. नजर हातावर नको, गोटा जिथे क्षणभर थांबतो त्या टोकावर हवी. तीन, पाच, सात अशा विषम संख्येला ही ओलांडण्याची रीत सोयीची. चार असतील तर बहुधा दोन-दोन प्रत्येक हातात वेगळे खेळवतात. हे सगळे मी नंतर वाचले. त्या दुपारी मी फक्त आईला हसताना पाहिले. गोटे पायरीवरून घरंगळत होते, मुलगी ते आणून देत होती, आई परत उडवत होती. मग आईने तिला आपली करामत दाखवली, नऊ गोटे एका झपाट्यात उचलण्याची. मुलीला ती येत नव्हती. तिला वर उडवलेले सगळे झेलता येत होते, पण खालचे उचलता येत नव्हते. दोघी पायरीवर समोरासमोर बसून एकमेकींना शिकवत होत्या.

आजी बाहेर आली. "सूनबाई, आत ये," एवढेच म्हणाली. मुलगी लगेच उठली. तिला सवय असावी. आजीने ओट्यावर बादलीभर पाणी ओतायला लावले आणि गोटे फेकून द्यायला सांगितले. आईने पाणी ओतले. गोटे मात्र धुऊन पदराला बांधले. पिशवीतल्या अकरांपैकी ते तीन कोणते, हे आता ओळखता येत नाही.

त्यानंतर आयुष्यभर आई तीन गोटे ओलांडूनच खेळवत असे. माझ्या बहिणीला, भाचीला, गल्लीतल्या कित्येक मुलींना तिने ते शिकवले. आणि मी मोठ्या विद्वत्तेने लिहिले, 'परंपरेने'.

लेख छापून आला तेव्हा आईने तो चष्मा लावून पूर्ण वाचला. म्हणाली, "त्या पोरीचं नाव का नाही लिहिलंस?"

"काय नाव होतं तिचं?"

आई थोडा वेळ बोलली नाही. "मी तरी कुठं विचारलं," ती म्हणाली. "सासूबाई आल्या नसत्या तरी विचारलं असतं का, काय सांगावं."

त्या दिवसापासून मी माझ्या विषयाकडे वेगळ्या अंगाने पाहू लागलो. खेळ कोणता, नियम काय, याआधी मी एक प्रश्न विचारू लागलो: शिकवले कुणी? आणि हा प्रश्न घेऊन पाहिले तर लक्षात आले की हातांच्या कसबाच्या जगभरच्या इतिहासात नेमकी हीच जागा कोरी आहे.

इजिप्तमध्ये बेनी हसन येथे डोंगरात कोरलेल्या थडग्यांपैकी १५ क्रमांकाच्या थडग्यात चेंडू हवेत खेळवणाऱ्या स्त्रियांचे भित्तिचित्र आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे हे चित्र जगलिंगचा सर्वांत जुना पुरावा मानला जातो. थडगे ज्याचे, त्या बाकेत नावाच्या अधिकाऱ्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. चेंडू झेलणाऱ्या त्या बायका कोण, त्या कुणाकडून शिकल्या, ते कळायला मार्ग नाही. इटलीतल्या हर्क्युलेनियम येथे संगमरवरावर काढलेल्या एका चित्रात दोन तरुणी बसून आपल्या सागरगोट्यांसारखाच हाडकांचा खेळ खेळताना दिसतात. तिथे प्रत्येकीच्या डोक्याशी नाव लिहिले आहे, कारण त्या पुराणकथेतल्या आहेत. खऱ्या पोरी असत्या तर नाव आले असते का, ही शंकाच आहे.

आपल्याला अधिक लागणारे उदाहरण लंडनचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हिंदुस्थानी खेळकऱ्यांचा एक संच तिथे गाजत होता. इंग्रजी निबंधकार विल्यम हॅझलिट याने तो पाहिला आणि १८२१ साली आलेल्या आपल्या संग्रहात 'हिंदुस्थानी जगलर' या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. पांढऱ्या पोशाखातला, पागोटे बांधलेला माणूस जमिनीवर बसून पितळेचे दोन गोळे खेळवू लागतो आणि शेवटी चार गोळे एकाच वेळी हवेत ठेवतो, हे पाहून हॅझलिट स्वतःच्या लेखणीबद्दल खजील होतो. याच्या इतके अचूक मला काय करता येते, असे तो स्वतःला विचारतो. निबंध खरोखर मोठा आहे. पण त्या माणसाचे नाव त्यात नाही. त्याच निबंधाच्या शेवटी हॅझलिट भिंतीवर चेंडू मारण्याच्या खेळात निपुण असलेल्या जॉन कॅव्हाना नावाच्या रंगाऱ्याला नावानिशी श्रद्धांजली वाहतो. हिंदुस्थानी माणूस मात्र त्याच्यासाठी 'जगलरांचा मुख्य' एवढाच राहतो.

तो बहुधा रामो सामी असावा असे अभ्यासक मानतात. रामस्वामी या नावाचे इंग्रजी जिभेवर झालेले हे रूप. त्याने पुढची अनेक वर्षे इंग्लंडमध्ये खेळ केले, तिथेच संसार थाटला आणि १८५० साली तो लंडनमध्ये वारला. अंत्यविधीपुरतेही पैसे घरात नव्हते, त्याच्या पत्नीला वर्तमानपत्रातून मदत मागावी लागली. युरोपातल्या रंगमंचावर जगलिंगला जे स्थान मिळाले, त्यात या माणसाचा मोठा वाटा होता. त्याला चार गोळे कुणी शिकवले, हे कुणी विचारले नाही.

घराजवळ येऊ. आपल्या मध्य प्रांतातल्या जातिजमातींचा मोठा ग्रंथ रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध केला. मी तो वर्षानुवर्षे वापरत आलो आहे. त्यात कोल्हाट्यांवर नोंद आहे, नटांवर आहे. दांडेवाला, बांसबेरिया अशी कसबावरून पडलेली नावेही आहेत. पण नोंद जमातीची आहे, माणसाची नाही.

आणि नोंद करणारे सरकार केवळ नोंद करून थांबले नव्हते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ नंतर देशभर लागू करता येऊ लागला. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, आणि म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण सात वर्षांतच, १९५९ साली, तेव्हाच्या मुंबई राज्याने भिकारी प्रतिबंधक कायदा केला. विदर्भ त्या वेळी मुंबई राज्यातच होता. या कायद्यातली भीक मागण्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक जागी गाणे, नाच, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे अशा निमित्ताने पैसे घेणे हीसुद्धा भीक. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची तरतूद. दिल्लीपुरती या कायद्यातली मुख्य कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरवली.

म्हणजे १९७६ च्या त्या दुपारी दोघींच्या हातात तेच तीन गोटे होते. आईच्या हातात असताना त्याला खेळ म्हणायचे. त्या मुलीने ताटली फिरवली की कायद्याने ती भीक होती. आजीने ओतायला लावलेल्या पाण्यामागे नुसता विटाळ नव्हता. कायदाही तिच्या बाजूने उभा होता.

इथे कुणी विचारील, मग आपल्या खेळांची परंपरा कुणी जपलीच नाही का? जपली, आणि विदर्भाने तर मोठ्या अभिमानाने. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. बडोद्याच्या मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. खो-खो, हुतुतूला लिखित नियम मिळाले, मैदाने मिळाली, संघ मिळाले. सर्कशीतही नावे राहिली. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली पहिली देशी सर्कस उभी केली, तलचेरीच्या कीलेरी कुन्हिकण्णन यांनी १९०१ मध्ये सर्कशीची शाळा काढली, आणि दोघांची नावे आज अभ्यासक्रमात सापडतात. ज्या खेळाला आखाडा, मैदान किंवा तंबू मिळाला, त्याच्या गुरूंची नावे टिकली. जो खेळ ओट्यावर आणि रस्त्यावर राहिला, बायकापोरांच्या आणि भटक्यांच्या हातांत राहिला, त्याला गुरू होते पण वही नव्हती. वह्या आमच्यासारख्यांकडे होत्या, आणि आम्ही 'परंपरा' हा शब्द लिहून मोकळे झालो.

परंपरा या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. पण गाण्यात आपण घराणे सांगताना कान पकडून गुरूचे नाव घेतो. भोवऱ्याच्या बाबतीत का घेत नाही? भोवरा जमिनीला लागू न देता दोरीच्या झटक्याने थेट तळहातावर घेणे, ज्याला आम्ही हातजाळी म्हणत असू, ते मला एका सुताराच्या मुलाने शिकवले. त्याने माझ्या मागे उभे राहून माझे मनगट धरून तीन संध्याकाळी झटका बसवून दिला. त्याचे नाव मला आठवते, आणि तरीही माझ्या जुन्या वहीत त्या पानावर फक्त 'बालपणी शिकलो' असे आहे.

२००४ साली 'नेचर' या नियतकालिकात जर्मन शास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही जणांना तीन महिने तीन चेंडूंचे जगलिंग शिकवले आणि मेंदूची छायाचित्रे घेतली. हलत्या वस्तूंचा वेध घेणाऱ्या भागात वाढ दिसली. सराव थांबवल्यावर पुढच्या तीन महिन्यांत ती बरीचशी ओसरली. मला यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. हाताने मिळवलेले हात थांबले की जाते. गल्लीचेही तसेच असावे. डोंबाऱ्यांचे खेळ आमच्या गल्लीत यायचे थांबले, ओटे पाडून दुकानांचे गाळे निघाले. त्या दोघी पायरीवर बसल्या होत्या ती पायरीही आता नाही.

गेल्या दोन वर्षांपासून मी रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये आईची पिशवी घेऊन बसतो. सुरुवातीला दोन मुले आली, मग सहा-सात. एकदा पहारेकरी उभ्या उभ्या बघत होता. त्याला तीन गोटे दिले तर त्याने ते चक्राने सरसर फिरवून दाखवले. बालाघाटकडे त्याच्या मावशीने शिकवले होते. धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई मूळच्या राजनांदगावच्या. त्या पायरीवर टेकल्या आणि त्यांनी गोट्याचा असा एक डाव मांडला, जो माझ्या पंचवीस वर्षांच्या वह्यांत कुठेच नव्हता. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई, ज्यांनी या ताईंना तोवर कधी बसायला सांगितले नव्हते, त्या त्यांच्यासमोर मांडी घालून तो डाव शिकू लागल्या. एवढ्याने जग बदलले असे मी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी ताईंना चहा वेगळ्याच कपात मिळाला. पण त्या दिवशी मास्तरीणबाईंनी त्यांना गावाचे नाव विचारले, आईचे नाव विचारले, आणि डाव चुकला की "ताई, पुन्हा दाखवा ना" असे म्हटले.

मी आता नवी वही केली आहे. खेळ, नियम, शब्द हे रकाने आहेतच. पहिला रकाना मात्र 'कुणाकडून शिकलो' हा ठेवला आहे, आणि तो भरल्याशिवाय पुढचे लिहायचे नाही असा नियम केला आहे. मुले तो नियम कडकपणे पाळतात. एका मुलीने 'आजोबांकडून' लिहून माझ्याकडे वही दिली आणि विचारले, "तुम्ही कुणाकडून?"

मी लिहिले: आईकडून. आईने एका डोंबारी मुलीकडून, महाल, नागपूर, उन्हाळा १९७६. नाव विचारले नाही.

मुलीने ते वाचले. "मग ही ओळ अर्धीच आहे," ती म्हणाली, आणि तिने पुढे मोकळी जागा सोडून खालच्या ओळीवर आपले नाव लिहिले.